धारवाडचे बाळू, पुण्याची खेळपट्टी आणि १९२० चं ते पत्र

धारवाड आज कर्नाटकात आहे आणि सुरत गुजरातेत. पण १८७६ मध्ये ही दोन्ही गावं एकाच मुंबई इलाख्यात होती. त्या वर्षी धारवाडला एका चर्मकार कुटुंबात बाळूचा जन्म झाला. घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्कराच्या चाकरीत होते, त्यामुळे बिऱ्हाड पुण्याला आलं आणि पोरं छावणीच्या आसपास वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटा शिवराम क्रिकेट शिकले. हिंदुस्थानच्या पहिल्या मोठ्या गोलंदाजाची सुरुवात ही अशी झाली.

हल्ली एखादा खेळाडू काही बोलला आणि त्याचा करार गेला, संघातली जागा गेली, जाहिरात गेली, की लोक म्हणतात, पूर्वी असं नव्हतं. पूर्वीही असंच होतं. फरक इतकाच, की पूर्वी बहुतेकांची बोलण्याचीच ऐपत नव्हती. पालवणकर बंधूंची गोष्ट त्या ऐपतीची आहे.

तीन रुपये महिना

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात होती. काम खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमाराला ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले, तिथे चार रुपये मिळायचे. काम तेच, जरा जास्त: खेळपट्टी आखायची, जाळी उभी करायची, टेनिसची मैदानं आखायची आणि साहेब लोक सरावाला आले की चेंडू टाकायचे.

या शेवटच्या कामातून गोलंदाज घडला. जे. जी. ग्रेग नावाचे साहेब त्या काळचे इथले नामी फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर यायचे आणि तासन्‌तास बाळूंची गोलंदाजी खेळायचे. बाळूंनी त्यांना बाद केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस, असं सांगतात. हिशेब करून बघा. आठ वेळा ग्रेगना बाद केलं की महिन्याचा पगार वेगळा सुटला. माणूस अचूक टप्पा शिकणार नाही तर काय करणार?

डाव्या हाताची संथ गोलंदाजी, पण एकाच साच्यातली नाही. चेंडू दोन्हीकडे वळायचा, उंची बदलायची, वेग बदलायचा, आणि दिवसभर टाकला तरी टप्पा सुटायचा नाही. पुढे इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी त्यांची तुलना व्हायची. मात्र पूना क्लबात त्या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हातात कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचं काम आणि चेंडू टाकणं नोकराचं, असा सरळ हिशेब होता.

त्या नोकरीत बाळू काय बोलणार होते? रोलर ओढणाऱ्या पोराचं मत विचारायची पद्धत नव्हती. आणि न विचारता बोललं तर उद्या दुसरा पोरगा ठेवणं क्लबाला अवघड नव्हतं.

कप आत, मडकं बाहेर

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या पूना जिमखान्याला हरवायचं होतं. त्यासाठी बाळू हवे होते, पण जात आड येत होती. क्लबात यावरून बरीच वादावादी झाली. अखेर जिंकण्याची हाव जातीपेक्षा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले, तेही अर्धेच. मैदानावर ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला तो ब्राह्मण खेळाडू खुशाल झेलायचे, कारण चेंडूला विटाळ नसावा. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून चहा प्यायचे आणि बाळू तंबूबाहेर मडक्यातून. तोंड धुवायचं तर पाणीही त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर आणून द्यायचा. जेवण वेगळ्या पंगतीला.

आणि तरी बाळू बळी घेत राहिले. पुण्यातच नव्हे, साताऱ्यातही. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून घेतला होता, असं सांगतात. तरी त्यांना बाळूंनी गुंडाळलंच. त्या विजयानंतर पुण्यात जल्लोष झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंबरोबर खेळणाऱ्यांना जाहीरपणे सुचवलं, की खेळता तर बरोबर बसून जेवायलाही हरकत नसावी. टिळकांनीही एका समारंभात बाळूंना हार घातला. ज्या शहरात चहाचं मडकं बाहेर होतं, त्याच शहरात हा हार पडला. ही दोन्ही दृश्यं एकाच पुण्याची, त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं काही नाही.

१८९६ ला प्लेग आला आणि पालवणकरांनी मुंबई गाठली. बाळू काही काळ लष्करात होते, मग रेल्वे कंपनीत लागले. त्या काळी रेल्वे कंपन्यांचे स्वतःचे संघ असत आणि चांगल्या खेळाडूला नोकरी मिळे. हे साधं दिसतं, पण पुढच्या सगळ्या गोष्टीचा आधार इथे आहे. तीन-चार रुपयांचा क्लबनोकर आणि रेल्वेचा पगारदार यांच्यात फार फरक असतो. एकाची भाकरी जिमखान्याच्या सभासदांच्या हातात, दुसऱ्याची नाही. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ पासून उभा होता. तिथेही आधी कुरबुर झाली, पण कीर्तिकर नावाच्या कप्तानाने आग्रह धरला आणि बाळू जिमखान्याकडून खेळू लागले. मागोमाग शिवराम, मग विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही आले.

१०९ धावांचा विजय

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. तोवर गोऱ्यांशी पारशीच काय ते टक्कर द्यायचे. हिंदू संघाचा हा विजय राजकारणासारखाच साजरा झाला. त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि शिवरामही संघात होते. सुधारक मंडळींच्या पत्रांनी लिहिलं, की पुण्या-मुंबईच्या हिंदूंनी चर्मकार बंधूंना संघात घेऊन, त्यांच्याबरोबर खाऊन-पिऊन, जातीचं बंधन सैल केलं. ते थोडं खरंही होतं. मुंबईत बाळू आता संघाबरोबर जेवत होते.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९०७ मध्ये, सुरतेला काँग्रेस फुटली. मंचावर टिळकांना बोलू द्यायचं की नाही यावरून रणकंदन झालं, दक्षिणी जोडा मंचावर भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आणि फिरोजशहा मेहतांना लागला. सांगायचा मुद्दा हा, की टिळकांसारख्या माणसालाही आपल्याच सभेत बोलायला झगडावं लागत होतं. तिथे एका चर्मकार गोलंदाजाने जिमखान्याच्या समितीला प्रश्न विचारावा, ही गोष्ट किती लांबची होती ते यावरून कळेल.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला. महाराज बहुतेक वेळ मेजवान्यांत होते आणि संघ मार खात होता. चौदा प्रथम दर्जाच्या सामन्यांपैकी दोन जिंकले, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. पण बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. पस्तिशीतला माणूस, खांदा दुखतोय, परका देश, आणि समोर इंग्लंडच्या कौंटी. संघाच्या पराभवात हा एकच माणूस इंग्रज जाणकारांच्या नजरेत भरला. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्र देणाऱ्यांत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक तरुण होता, भीमराव आंबेडकर.

दहा वर्षं, एकच प्रश्न

१९१२ पासून मुंबईची तिरंगी स्पर्धा चौरंगी झाली: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. हिंदू संघात बाळू सर्वांत जुने, सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी. त्यांच्या एकूण कारकिर्दीचा हिशेब ३३ प्रथम दर्जाचे सामने आणि १७९ बळी, सरासरी पंधराच्या आसपास. कप्तान कोण व्हायला हवा, हा प्रश्न दर वर्षी यायचा आणि दर वर्षी उत्तर बाळू सोडून दुसरंच काही यायचं.

इंग्लंडातही पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक खेळाडू कितीही थोर असला तरी कप्तान व्हायचा नाही. तो मान जंटलमनचा. विसाव्या शतकात इंग्लंडचा पहिला व्यावसायिक कप्तान लेन हटन, तोही १९५२ मध्ये. वेस्ट इंडिजच्या संघाचं पूर्ण मालिकेचं नेतृत्व पहिल्यांदा एका काळ्या खेळाडूकडे, फ्रँक वॉरेलकडे, १९६० मध्ये आलं. तेव्हा नेतृत्व हे गुणांचं नव्हे तर घराण्याचं काम, ही समजूत काही फक्त आपली नव्हती. आपल्याकडे त्याला जातीचं कुंपण होतं एवढंच.

बाळू स्वतः काय म्हणत होते? जाहीरपणे फार काही नाही. हे त्यांच्या स्वभावाचं होतं की अनुभवाचं, हे ठरवणं सोपं नाही. मडक्यातून चहा प्यायलेला माणूस आपलं बोलणं मोजून खर्च करायला शिकतो. बोललं ते दुसऱ्याने. १९१३ मध्ये हिंदू संघाचे कप्तान झालेले एम. डी. पै, जातीने ब्राह्मण. त्यांनी सत्काराच्या समारंभातच सांगून टाकलं, की या मानाचा खरा हक्कदार बाळू आहे, वयाने आणि अनुभवाने तोच वरचा. कप्तान झालेल्या माणसाने आपल्याच नेमणुकीवर असं बोलावं, हे तेव्हाही दुर्मीळ होतं आणि आजही आहे. पैंचं काही बिघडलं नाही. ब्राह्मण कप्तानाने बोलणं आणि चर्मकार खेळाडूने बोलणं, या दोन गोष्टींची किंमत सारखी नव्हती.

डिसेंबर १९२०

१९२० ची चौरंगी स्पर्धा आली. निवड समितीने सुरुवातीला बाळूंना संघातच घेतलं नाही. वय झालं होतं, असं म्हणता आलं असतं. कप्तानपद पैंकडे होतं. पण पै आजारी पडले आणि पहिल्या सामन्याला कप्तान हवा होता. संघात विठ्ठल पालवणकर होते, चौतिशीचे, अनेक वर्षांचे अनुभवी, हिंदूंचे आघाडीचे फलंदाज. समितीने नेमलं ते दि. ब. देवधरांना. देवधर अठ्ठावीस वर्षांचे, पुण्याचे, शिकलेले, ब्राह्मण. ते पुढे खरोखरच मोठे फलंदाज झाले आणि त्यांचा यात काही दोष नव्हता. पण ज्येष्ठतेने बघितलं तर ते विठ्ठलच्या बरेच मागे होते.

विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी संघातून माघार घेतली. नुसती घेतली नाही, कारण लिहून जाहीर केलं. त्या पत्राचा आशय असा, की ज्येष्ठता आणि कर्तबगारी बाजूला ठेवून, केवळ तथाकथित अस्पृश्य जातीचे म्हणून आमचा हक्क डावलला जातो, आधी थोरल्या भावाचा, आता विठ्ठलचा. अशा वागणुकीत स्वाभिमान ठेवून खेळता येणार नाही. भाषा संयमाची होती, पण वाचणाऱ्याच्या मनात शंका राहणार नाही इतकी स्पष्ट.

काय पणाला लागलं होतं? चौरंगी म्हणजे त्या वेळचं सर्वांत मोठं क्रिकेट. कसोटी सामने अजून बारा वर्षं लांब होते. हिंदू संघाबाहेर या भावांना दुसरं मोठं व्यासपीठ नव्हतं. पारशी घेणार नव्हते, मुसलमान घेणार नव्हते, युरोपियन तर नाहीच. त्या काळी खेळाडूला नोकरी खेळाच्या नावावर मिळायची आणि नाव चौरंगीत व्हायचं. जिमखान्यात बसणारे शेठ, वकील, डॉक्टर हे मुंबईतले वजनदार लोक. त्यांना नाराज करून खेळाडू म्हणून टिकता येईल, याची हमी कोणी दिलेली नव्हती. शिवराम चाळिशी ओलांडलेले, त्यांचं क्रिकेट संपतच आलं होतं. विठ्ठलचं मात्र पुढे बरंच बाकी होतं. धोका खरा त्याने घेतला.

दिवसही तसेच होते. त्याच डिसेंबरात नागपूरला काँग्रेस भरली आणि अस्पृश्यता हा हिंदू धर्मावरचा डाग पुसला पाहिजे, हा विषय गांधींनी काँग्रेसच्या कामात घातला. बाहेर असं वातावरण असताना क्रिकेटच्या समितीला जुनंच दडपून नेणं जड गेलं. लोक विठ्ठल-शिवरामच्या बाजूने बोलू लागले आणि समिती नमली.

तडजोड कशी झाली ते बघण्यासारखं आहे. अंतिम सामना पारशांशी होता. पै बरे होऊन कप्तान म्हणून परतले, बाळूंना संघात घेऊन उपकप्तान केलं गेलं, दोघे भाऊ परत आले. आणि सामना चालू असताना पै मुद्दाम मैदान सोडून बाहेर गेले. कप्तान बाहेर, म्हणजे सूत्रं उपकप्तानाकडे. अशा रीतीने बाळू पालवणकरांनी हिंदू संघाचं नेतृत्व केलं, काही काळ, मागच्या दाराने, एका सज्जन सहकाऱ्याच्या युक्तीने. दहा वर्षांच्या हक्काची एवढीच भरपाई त्यांना मिळाली. त्यानंतर ते मोठ्या क्रिकेटमध्ये फारसे दिसले नाहीत.

विठ्ठलला १९२३ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी तो कप्तान झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतलं. १९२५ आणि १९२६ मध्येही त्याच्याच कप्तानीत हिंदू जिंकले. नेतृत्व जमणार नाही म्हणून द्यायचं नाही, हा युक्तिवाद कोणी करत असेल तर तो तिथे संपला.

सगळ्यांचं असं झालं नाही. १९३६ ला लाला अमरनाथ इंग्लंड दौऱ्यात व्यवस्थापनाशी खटकलं म्हणून अर्ध्यावर घरी पाठवले गेले, पुढे १९४९ मध्ये बोर्डाशी भांडण झालं तेव्हा त्यांना निलंबित केलं गेलं. इंग्लंडचा हॅरॉल्ड लारवूड, बॉडीलाइनवरून माफी मागायला नकार दिला आणि पुन्हा इंग्लंडकडून खेळला नाही. पालवणकर परत आले, कारण दोघांनी मिळून आवाज उठवला, बाहेर काळ बदलत होता, आणि आत पैंसारखा माणूस होता.

आंबेडकरांच्या समोर

खेळ सुटल्यावर बाळू बोलू लागले. पण जे बोलले ते त्यांच्याच लोकांतल्या अनेकांना रुचलं नाही. १९३२ मध्ये अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न आला तेव्हा ते एम. सी. राजांच्या बाजूने, म्हणजे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले. गांधींनी येरवड्यात उपोषण सुरू केल्यावर समझोत्यासाठी धावपळ करणाऱ्यांत ते होते आणि २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ ला येवल्यात आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, तिलाही बाळूंनी विरोध केला.

१९३७ ला मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने थेट आंबेडकरांसमोर बाळूंना उभं केलं. उमेदवार ठरवणाऱ्या मंडळाचे प्रमुख होते वल्लभभाई पटेल, सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीने ज्यांना सरदार केलं ते. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. ज्या तरुणाने कधी मानपत्र दिलं होतं, त्याच्याकडून दोन हजारांनी हार.

यावर आज दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, काँग्रेसने बाळूंना वापरून घेतलं. दुसरं म्हणतं, बाळूंनी समाजाशी दगा केला. दोन्ही घाईची आहेत. ज्या माणसाने मडक्यापासून पंगतीपर्यंतचा प्रवास हिंदू संघाच्या आत राहून, हिंदू सहकाऱ्यांबरोबर खेळून केला, त्याला आत राहून भांडता येतं असं वाटलं तर ते त्याच्या आयुष्याशी सुसंगत होतं. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता, निष्कर्ष वेगळा निघाला, आणि इतिहासाने बहुतांशी त्यांच्या बाजूने कौल दिला. बाळूंना त्याची किंमत मोजावी लागली. चळवळीच्या स्मरणात त्यांचं नाव मागे पडलं आणि क्रिकेटच्या स्मरणात ते आधीच पुसट झालं होतं, कारण त्यांच्या वेळी कसोटी सामने नव्हते आणि नोंदी ठेवायची कोणाला फिकीर नव्हती.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळू पालवणकर गेले. शिवराम त्याआधी १९४१ मध्ये गेले होते, गणपत तर तरुणपणीच. मागे राहिला विठ्ठल, १९७१ पर्यंत. त्याने १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत छापून ठेवलं होतं. पन्नासेक वर्षं ते फारसं कोणी उघडलं नाही. २००२ मध्ये रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा पालवणकर बंधूंवर त्यात भरभरून पानं आली आणि धारवाडपासून सुरतेपर्यंतच्या लोकांना बाळूंचं नाव नव्याने कळलं.